पिंप्राळ्याचे घर गहाण पडू नये म्हणून

मी, इंदिरा बन्सीलाल फिरके, वय वर्षे एकसष्ट, राहणार पिंप्राळा, जळगाव, सध्या मुक्काम धुळे, हे मृत्युपत्र आज शुक्रवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९९६ रोजी स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो तो साखरेच्या आजाराने. अक्षर वाकडे आले म्हणून माझी बुद्धी वाकडी होती असे कोणी कोर्टात म्हणू नये. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. ज्याची मला भीती वाटते तो अजून जळगावला आहे. रविवारी दुपारच्या एस.टी.ने तो इथे येईल. त्याच्या आधी हा कागद लिहून व्हायला हवा.

तो म्हणजे माझा एकुलता एक मुलगा भाईदास. खरे तर भीती त्याची नाही. त्याच्यापुढे माझे जे होते, त्याची आहे. तो समोर बसला, 'आई' म्हणाला, की मी सही करते.

सोमवारी सकाळी आठ वाजता माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. मी उतरले आहे ती सुगंधाकडे. लहानपणी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमची घरे भिंतीला भिंत लागून होती. ती पुढे नर्स झाली, धुळ्याला तीस वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. मी मृत्युपत्र लिहिते म्हटल्यावर ती म्हणाली, "इंदू, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मेलेली बाई मी एकच पाहिली. तीही घरी जाताना रिक्षाखाली आली. लिही, पण आधी चहा पी."

गोष्ट अशी आहे. सागवानाची झाडे लावणारी एक कंपनी निघाली आहे. तिची एजन्सी भाईदासला घ्यायची आहे. त्यासाठी एका पतसंस्थेतून साठ हजार रुपये उचलायचे आणि तारण म्हणून माझे घर लिहून द्यायचे, असा त्याचा बेत आहे. मागच्या रविवारी त्याने फॉर्म आणून माझ्या उशीजवळ ठेवला. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. 'बघू' म्हणाले. आमच्या घरातली सगळी नुकसाने याच शब्दापासून सुरू झालेली आहेत.

निघण्यापूर्वी मी जळगावला धनसिंग राजपूत वकिलांकडे गेले होते. ते म्हणाले, "ताई, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर बोलायला लागतं. तोवर तुम्हालाच बोलावं लागेल. जिवंतपणी त्या फॉर्मवर सही केलीत, तर मृत्युपत्रात भजी बांधा." म्हणजे मला दोन कामे आहेत. एक हा कागद, आणि दुसरे रविवारी तोंडाने 'नाही' म्हणणे. पहिले सोपे आहे म्हणून ते आधी करते.

कलम १. घर. पिंप्राळ्यातील दोन खोल्या, मोरी, पुढचा ओटा आणि मागची सहा हात मोकळी जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे सर्व मी माझी नात हेमांगी भाईदास फिरके, आज वय बारा, हिला देते. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या वतीने तिची आई कुंदा हिने कारभार पाहावा. तोपर्यंत हे घर विकू नये, गहाण ठेवू नये आणि कोणाच्याही कर्जाला तारण देऊ नये. एकवीस झाल्यावर हेमांगीने काय करायचे ते तिचे तिने ठरवावे. मी सात पिढ्यांवर राज्य करायला बसलेली नाही.

हे घर सासरच्या इस्टेटीतले नाही, माझ्या कमाईचे आहे. उद्या कोणी विचारील, एकट्या बाईकडे एवढे आले कुठून, म्हणून ते कसे झाले हे इथेच लिहून ठेवते. वकील म्हणाले चार ओळी पुरेत. मला पुरणार नाहीत.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांनी मला नन्सच्या शाळेत घातले, तेव्हा भाऊबंद म्हणाले, "पोरीले मडम करतो का?" मडम मी झाले नाही. इंग्रजी आले आणि रफू करायला आले. शिवणाच्या तासाला सिस्टर डोरोथिया मोजा हातात द्यायच्या. आम्ही लगेच भोक भरायला घेतले की बोटांवर फूटपट्टी बसायची. त्या म्हणायच्या, आधी भोकाच्या भोवती गोल टाका घाल. भोक वाढायचे थांबले, मग भरायला बैस. त्या वर्गाच्या खिडकीतून यार्डातली इंजिने दिसत, खडूचा आणि कांजीचा वास येई, आणि मला वाटायचे की जगातली सगळी भोके मोज्यालाच पडतात.

लग्न झाले नशिराबादच्या बन्सीलाल फिरक्यांशी. केळीचा व्यापार. आमच्याकडे रीत अशी की शेतकऱ्याचे घड आज कापायचे, वजन करून त्याला चिठ्ठी द्यायची, माल वॅगनमध्ये चढवून दिल्लीला लावायचा आणि तिकडून पैसे आले की चिठ्ठीवर द्यायचे. चिठ्ठी म्हणजे व्यापाऱ्याचा शब्द. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. माझे सगळे माहेर संपात आणि माझ्या नवऱ्याच्या चार वॅगना रुळांवर. मे महिन्यातली केळी किती दिवस थांबणार? त्या नुकसानीनंतर यजमानांनी एकाचे देणे दुसऱ्याच्या मालातून भागवायला सुरुवात केली. सहा वर्षे त्यांनी मला कळू दिले नाही. रोज संध्याकाळी पेढ्याचा पुडा आणायचे. पुडा आणणाऱ्या माणसाला काय विचारणार?

१९८० च्या फेब्रुवारीत ते गेले. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर अकरा शेतकरी ओट्यावरून हललेच नाहीत. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. सगळ्यात वडील शालिग्राम आबा होते. ते म्हणाले, "माय, तुले मागाले नही आलो. पन बन्सीनं पैसे देल्ले नही, एवढं तुले मालूम असाले पाह्यजे." बेरीज एकतीस हजार दोनशे पन्नास झाली. यजमानांचे चुलतभाऊ आणि भागीदार तोताराम फिरके पाटावरून उठून म्हणाले, "बन्सीचं बन्सीनं फेडावं. माझी कुठं सही आहे?" खरेच, त्यांची सही कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी ते वजनकाटा घेऊन गेले, आणि महिनाभरात गावभर झाले की बन्सीची कॉन्व्हेंटवाली सगळ्यांना टोपी घालून भुसावळला पळणार.

मी पळाले नाही. जळगावला भाड्याची खोली घेतली. सकाळी इंग्रजी बालवाडीत शिकवायची, संध्याकाळी शिकवण्या, आणि दुपारी पोस्टाची एजन्सी. घरोघरी जाऊन बायकांकडून दहा, वीस, पन्नास रुपये गोळा करायचे, महिनाअखेर यादी करून त्यांच्या आवर्ती ठेवीत भरायचे. शंभर रुपयांमागे चार रुपये कमिशन.

आधी गोल टाका घातला. किराणा दुकानातले खाते बंद केले. नसेल तर डाळ आणायची नाही, पण उधार आणायची नाही. मग अकरा नावे कागदावर लिहिली. कोणाचे किती यापेक्षा कोणाला केव्हा लागेल, या क्रमाने. पहिला वना, कारण त्याच्याकडे दीडच बिघा जमीन आणि बायको अंथरुणाला. शालिग्राम आबांची रक्कम सर्वांत मोठी, त्यांना सर्वांत शेवटी ठेवले आणि तसे त्यांच्या तोंडावर सांगितले. ते हसले. "मी मरलो त?" "तर तुमच्या मुलाला देईन." महिन्याला सरासरी तीनशे बाहत्तर रुपये. सात वर्षे.

याच काळात मी स्वतःच्या नावाने दहा रुपयांची आवर्ती ठेव चालू ठेवली होती. देणे असताना बचत करते म्हणून मला नावे ठेवली गेली. पण ज्याच्याकडे काहीच शिल्लक नाही त्याला पहिल्याच तापाला नवे कर्ज काढावे लागते. हेमांगी, तू हे वाचशील तेव्हा मोठी असशील. फेडणाऱ्याने आधी तापापुरते बाजूला ठेवावे.

१९८७ च्या फेब्रुवारीत आबांचे शेवटचे दोनशे दिले. त्यांनी चिठ्ठीवर 'पावले' असे लिहून अंगठा उठवला, शेजारी सहीही केली, मला एक फणी केळी दिली आणि म्हणाले, "आता काय करशील वं, महिन्याच्या महिन्याले?" मी एस.टी.त बसून याचाच विचार केला. महिन्याला तीनशे बाहत्तर रुपये कोणाला तरी द्यायची मला सवय लागलेली होती. पुढच्या महिन्यापासून तेच पैसे त्याच तारखेला मी स्वतःला द्यायला लागले. फक्त घेणाऱ्याचे नाव बदलले. आवर्ती ठेव पिकली की राष्ट्रीय बचत पत्र, ते पिकले की पुढचे. १९८९ ला पिंप्राळ्यात जागा घेतली, ९१ ला पहिली खोली उभी राहिली. तेव्हा वकिलांनी मला सांगितले की नवऱ्याचे ते देणे कायद्याने माझ्यावर नव्हतेच. मी म्हटले, मला नशिराबादवरून एस.टी.ने जावे लागते, वकीलसाहेब, आणि खिडकीशी बसायला आवडते.

कलम २. १९९२ ची गोष्ट. ही कुठल्याही वाटणीत बसत नाही, पण कलम १ मध्ये भाईदासचे नाव का नाही, याचे उत्तर तिच्यात आहे.

नियमाप्रमाणे पैसे भरले की पासबुक ज्याचे त्याला परत द्यायचे. माझ्या बासष्ट बायकांपैकी निम्म्यांनी सांगितले होते, "ताई, बुक तुमच्याकडंच राहू द्या. घरात नवऱ्याला दिसलं की संपलं." मला ते पटले. पटणारच. एकतीस पासबुके माझ्या पत्र्याच्या पेटीत राहिली. त्या वर्षी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मार्च आणि एप्रिल दोन महिने यादी, पासबुके आणि पैसे घेऊन पोस्टात भाईदास जात होता. तो एका तेलगिरणीत हिशेब लिहितो, आकड्यात हुशार आहे. त्या दिवसांत पानाच्या ठेल्यावरसुद्धा शेअरचे भाव बोलले जात. त्याला वाटले, महिनाभर पैसे फिरवावे आणि परत जागेवर ठेवावे. मग भाव पडले.

मला कळले ते बेबाबाईमुळे. ती धुळ्याकडची, आमच्या भागात डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकते. महिन्याला वीस रुपये. तिला वाचता येत नाही, पण शिक्के मोजता येतात. मुलीच्या लग्नासाठी बुक पाहायला आली आणि म्हणाली, "ताई, दोन शिक्का कमी शेतस. मन्हा पैसा गया का?"

अकरा हजार सहाशे चाळीस रुपये. भाईदास माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा होता आणि वडिलांसारखाच दिसत होता. मी चार बांगड्या आणि गोफ विकला, उशिराचा दंड भरला, सगळ्या शिक्क्यांची भरपाई केली. बेबाबाई तेवढी मला रडताना पाहून गेली. म्हणाली, "मी कोनले सांगाव नही." आजपर्यंत तिने ते पाळले आहे. दुसरी खोली दोन वर्षे बिनछपराची राहिली. सून विचारायची, "आत्याबाई, पत्रे कधी?" मी म्हणायची, विटा महाग झाल्या, पत्रे महाग झाले.

यात भाईदासचा जेवढा दोष, तेवढाच माझा. लोकांची पासबुके पेटीत ठेवली ती दया म्हणून, पण कुलूप तर मीच उघडून दिले. आणि झाकले मीच. झाकल्यामुळे त्याला कधी कळलेच नाही की अकरा हजार रुपये फेडायला किती दिवस लागतात.

शनिवार, १६ नोव्हेंबर. काल बोटे आखडली म्हणून थांबले. आज सकाळी रक्त तपासायला नेले होते. नर्सने सुगंधाला ओळखले आणि मला सुई टोचता टोचता तिचेच कौतुक केले.

कलम ३. पैसे. राष्ट्रीय बचत पत्रे दोन, दर्शनी किंमत प्रत्येकी दहा हजार, एक १९९९ ला आणि एक २००० साली पिकेल. दोन्ही हेमांगीच्या शिक्षणासाठी. मधेच मोडू नयेत. तिच्या नावाने शंभर रुपयांची आवर्ती ठेव चालू आहे, ती कुंदाने चालू ठेवावी. अगदीच जमेना तर पन्नासची नवी काढावी, पण महिना रिकामा जाऊ देऊ नये. म्युच्युअल फंडाची युनिट मी थोडी घेतली आहेत, तीही तिचीच. त्यांचा भाव खालीवर होतो. पेपरात रोज पाहू नये, जीव घाबरा होतो. पोस्टाच्या बचत खात्यात सहा हजार दोनशे चौदा आहेत. त्यातून दवाखान्याचे बिल द्यावे आणि वेळ आलीच तर माझे शेवटचे करावे. तेराव्याला पंगत घालू नये. आमच्या घरात त्या दिवशी ओट्यावर बसलेली माणसे मी अजून विसरलेले नाही.

कलम ४. शिलाई मशीन बेबाबाईच्या धाकट्या मुलीला द्यावे. पट्टा नवीन आहे. बेबाबाई नको म्हणेल. तिच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नये.

कलम ५. तोताराम फिरके, नशिराबाद, यांना माझ्या अकराही फेडलेल्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स प्रती पोस्टाने, रजिस्टर करून पाठवाव्यात. खर्च माझ्या खात्यातून. सोबत पत्र नको. वजनकाटा परत मागू नये, आता तो गंजला असेल. मूळ चिठ्ठ्या हेमांगीने ठेवाव्यात. माझ्या सिस्टर आज असत्या तर म्हणाल्या असत्या की क्षमा कर. मी क्षमा केली आहे. झेरॉक्स तरीही पाठवावी.

कलम ६. कुंदा. तिला या मृत्युपत्राने मी काही देत नाही, कारण जे द्यायचे ते हातात दिले आहे. मागच्या वर्षी तिने स्वतःच्या नावाने एजन्सी काढली आणि माझ्या बायका आता तिच्याकडे पैसे भरतात. तिच्याकडे एकही पासबुक राहत नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. पत्र्यांच्या बाबतीत मी तिच्याशी खोटे बोलले, त्याची माफी मागते.

कलम ७. भाईदास. त्याला काहीही नाही. हे लिहायला मला अर्धा तास लागला. रागाने लिहीत नाही. त्याच्या नावावर सायकल ठेवली तरी तीसुद्धा कुठे तरी तारण पडेल. पतसंस्था आज त्याच्या दारात येतील, कारण त्याच्यामागे घर दिसते. घर त्याचे नाही हे एकदा कळले की येणार नाहीत. तो हेमांगीच्या घरात बाप म्हणून राहील, मालक म्हणून नाही. लहानपणी मलेरिया झाला होता तेव्हा हा मुलगा सहा दिवस माझ्या मांडीवरून उतरला नव्हता. तेव्हा मी देवाकडे मागितले होते की त्याला माझ्या नजरेसमोर ठेव. ते मागणे अजून चालूच आहे. पण घरावर त्याची सही नको.

रविवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळ. पुढचे लिहावे की नाही ठरत नव्हते. सुगंधा म्हणाली, "जे झालं ते लिही. नाही तर उद्या प्रत्येक जण वेगळं सांगेल."

ठरले होते असे: सुगंधाच्या शेजारचे निवृत्त तलाठी झिपरू नाना पाच वाजता येतील, मी सही करीन, नाना आणि सुगंधा साक्षीदार म्हणून सही करतील. भाईदास तीन वाजता आला. कुंदाने दिलेला स्वेटर आणला होता. माझ्या पायाला हात लावला, खुर्ची जवळ ओढली.

"पोट काय म्हणतंय?"

"आहे तिथंच आहे."

थोडा वेळ तो ऑपरेशनचे विचारत राहिला. मग पिशवीतून फॉर्म काढला. "आई, तीन ठिकाणी फुल्या केल्यात. तेवढ्याच सह्या."

"दवाखान्यातून आले की बघू," मी म्हणाले. पुन्हा तोच शब्द तोंडात आला.

"तेव्हा उशीर होईल गं. एजन्सी तीस तारखेपर्यंतच आहे. आणि उद्या काही कमीजास्त झालं तर..." तो थांबला.

सुगंधा चहा घेऊन दारात उभी होती. "तर काय? बोल ना. फॉर्म वाया जाईल?"

"मावशी, तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच होतं. वॉर्डात बेशुद्ध माणसाचा अंगठा धरून नेणारे पाहिलेत मी. तू निदान शुद्धीत असताना आलास."

त्याचा चेहरा पडला. तो हळू म्हणाला, "हे शेअर नाहीत, आई. झाडं आहेत. झाड कुठं पळून जाणार आहे?"

"झाड पळत नाही रे. कंपनी पळते."

"तुझा माझ्यावर विश्वासच नाही."

"तुझ्यावर आहे. तुझ्या सहीवर नाही. आणि तू समोर असलास की माझ्याही सहीवर नाही. म्हणून सांगते. नाही."

चाळीस वर्षांत मी त्याला हा शब्द पहिल्यांदा म्हणाले. आवाज फाटला. मग मी ही पाने त्याच्या हातात दिली. आधी तो उभ्यानेच वाचत होता. दुसऱ्या कलमाशी खाली बसला. ते पान त्याने दोनदा वाचले.

"कुंदाला माहीत आहे?"

"नाही. पत्रे महाग झाले होते, एवढंच तिला माहीत आहे."

"म्हणजे नंतर कळेल."

"कळेल."

"हे पान काढता येईल का?"

"येईल. तूच फाड. मी दुसरं लिहिते. पण मग तुला घर का दिलं नाही, याचं कारण लोक आपापलं शोधतील. नशिराबादचे लोक काय काय शोधतात ते तुला माहीत आहे."

त्याने पान हातात धरून ठेवले. चहावर साय आली. मग ते बाकीच्या पानांच्या मधे, जिथले तिथे लावले.

पाच वाजता झिपरू नाना आले. भाईदासला पाहून चपला काढता काढता थांबले. मी ओळख करून दिली, कागद कशाचा ते सांगितले. त्यांनी हात जोडले. "अक्का, पोऱ्या समोर बठेल शे. त्यान्या डोळासमोर मी सही कशी करू? पस्तीस वरीस तलाठी व्हतू, घरना भांडणमा कधी पडनू नही." चहासुद्धा न घेता गेले.

सकाळी आठला मला न्यायचे आहे. सुगंधा चपला घालून गल्लीत दुसरे कोणी पाहायला निघाली. मी म्हटले, समोरच्या दुकानदाराला विचार. ती म्हणाली, "विचारते. पण त्याला काही ठेवलं नाहीस ना यात? ज्याला मिळतं त्याची साक्ष नको, असं तुझाच वकील म्हणाला."

भाईदास खिडकीशी उभा होता. पाठ आमच्याकडे. तसाच म्हणाला, "यात मला काही मिळत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"सायकलसुद्धा?"

"सायकलसुद्धा."

"मग साक्षीला मी चालतो."

सुगंधाने माझ्याकडे पाहिले. मी त्याला सांगितले की सही केलीस तर उद्या कोर्टात उभा राहून हे खोटे आहे असे तुला म्हणता येणार नाही. नीट विचार कर. त्याने मान हलवली. पेन मागितले. सही करण्याआधी त्याने फॉर्म उचलला. फाडला नाही. चार घड्या घालून पिशवीत ठेवला. मी ते पाहिले आहे आणि तसेच लिहून ठेवते, कारण उद्या त्याच्या मनात पुन्हा काय येईल हे मला ठाऊक नाही, बहुधा त्यालाही नाही.

कलम ८. आज १७ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळपर्यंत मी पिंप्राळ्याच्या घरावर कोणाच्याही कर्जासाठी एकही सही केलेली नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे माझे पहिले आहे. सोमवारनंतर गरज पडली तर दुसरे करीन. या कागदाची अंमलबजावणी कुंदा हिने करावी. अडले तर धनसिंग वकिलांना विचारावे, त्यांची फी आधी ठरवावी. सर्व पाने मी स्वतः लिहिली आहेत, वाचून पाहिली आहेत आणि माझ्या मनात आहे तेच त्यात आहे. दोघा साक्षीदारांच्या समोर, चष्मा लावून, सही करते.

स्थळ: धुळे
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९६

(सही) इंदिरा बन्सीलाल फिरके

साक्षीदार १
(सही) सुगंधा वामन बोंडे, वय ६२, निवृत्त परिचारिका, राहणार धुळे. इंदिराबाई पूर्ण शुद्धीवर आहेत, नाडी थोडी जलद आहे. सही त्यांनी माझ्यासमोर केली.

साक्षीदार २
(सही) भाईदास बन्सीलाल फिरके, वय ४०, राहणार पिंप्राळा, जळगाव. मृत्युपत्र करणारी माझी आई आहे. पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. कलम २ मध्ये लिहिले आहे ते खरे आहे. या कागदाने मला काहीही मिळत नाही. आईने माझ्यासमोर सही केली आणि मी तिच्यासमोर करत आहे.